वेगवेगळ्या लांबीचे लूप: गिचमीड का होते आणि पुनरावृत्ती का कळते?

लूपलहरी

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बममधल्या '२/१'च्या धर्तीवर लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा आपोआप वाजत राहणाऱ्या ध्वनितुकड्यांचा, एक तुकडा रचतोय. प्रत्येक लूपमध्ये एकच सूर, प्रत्येक लूपची लांबी वेगळी, सगळे एकदा सुरू करून द्यायचे आणि मग हात लावायचा नाही, एवढी पद्धत पक्की आहे.

रीपर हे ध्वनिमुद्रण-संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतोय. टेम्पो ६०, म्हणजे एक ठोका एक सेकंदाचा. ट्रॅक सहा, लूपची लांबी १६, २०, २४, ३०, ३२ आणि ४० सेकंद. प्रत्येकात सिंथच्या (सिंथेसायझरच्या) पॅडचा, म्हणजे मऊ, लांब आवाजाचा, साधारण १२ सेकंदांचा एक सूर. पांढरी एकचा सा धरला तर सूर असे: मंद्र सा, मंद्र ग, मध्य सा, मध्य म, मध्य प, मध्य नी. सगळ्यांवर एकच रिव्हर्ब (घुमारा), डिके म्हणजे तो विरायला लागणारा वेळ ८ सेकंद.

अडचणी:
पहिली, दोन-तीन मिनिटांत सगळं गिचमीड होतं. सूर वेगळे ऐकूच येत नाहीत.
दुसरी, लांबी वेगवेगळी असूनही काहीतरी ठरावीक अंतराने परत येतंय हे कानाला लगेच कळतं.
तिसरी, दोन ट्रॅकमध्ये लूपच्या जोडावर 'टक्' असा आवाज येतो.

शिवाय शेवटची पाच-सहा मिनिटं विल्यम बसिन्स्की या अमेरिकी संगीतकाराच्या 'डिसइंटिग्रेशन लूप्स'सारखी झिजत जावीत असं डोक्यात आहे, पण बिटक्रशर (आवाजाचा डिजिटल दर्जा मुद्दाम खालावणारा इफेक्ट) लावला की मोबाइलची रेंज गेल्यासारखं वाटतं. या दृष्टीने कोणते अल्बम मन लावून ऐकावेत तेही सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रीळ

दुसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण ती निव्वळ लसाविची आहे. १६, २०, २४, ३०, ३२ आणि ४० यांचा लसावि ४८०. म्हणजे आठ मिनिटांनी अख्खी रचना जशीच्या तशी पहिल्यापासून. पण तुम्हाला खटकतंय ते त्याच्या कितीतरी आधी: १६, २० आणि ४० हे तिघं दर ८० सेकंदांनी एकत्र सुरू होतात, १६ आणि ३२ तर कायमचे बांधलेलेच. त्यात सगळ्या लांब्या पूर्ण सेकंदांत आणि टेम्पो ६०, त्यामुळे प्रत्येक सूर ठोक्यावरच पडतो. कानाला अदृश्य मेट्रोनोम ऐकू येत राहतो.

ईनोने '२/१'बद्दल ज्या लांब्या सांगितल्या आहेत त्या साधारण २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद अशा आहेत. जर्मन ध्वनिमुद्रक कॉनी प्लांकच्या स्टुडिओत टेपची लांबलचक वेटोळी अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवती फिरवली होती. सेकंदाला ३८ सेंटीमीटर या वेगाने २३.५ सेकंद म्हणजे जवळपास नऊ मीटर टेप, ती कुठेतरी अडकवायला हवीच. लांब्या अशा विचित्र आल्या कारण टेप मोजूनमापून कापलेली नव्हती, आणि त्यातच सगळं आलं. या तीन आकड्यांचा लसावि काढला तर तीच स्थिती पुन्हा यायला जवळपास २७ दिवस लागतात. आणि हे सातांपैकी तीनच लूपचं झालं.

तुमच्यासाठी असे आकडे घ्या: १७.३, १९.९, २३.३, २६.९, ३१.१, ३६.७ सेकंद. दशांश चिन्ह काढलं तर सगळ्या मूळ संख्या आहेत. पहिले दोन लूपच एकमेकांना पुन्हा भेटायला ५७ मिनिटं घेतात.

रीपरमध्ये करायचं असं. आधी स्नॅपिंग बंद करा (ऑल्ट आणि एस), नाहीतर कड ओढली की ती ठोक्यावरच चिकटते. प्रोजेक्टचा टाइमबेस 'टाइम'वर ठेवा, म्हणजे पुढे टेम्पो बदलला तरी लूप ताणले जाणार नाहीत. मग टाइम सिलेक्शन बरोबर १७.३ सेकंदांचं करून सूर आणि त्यामागची शांतता मिळून एकच तुकडा 'ग्लू' करा. शांतता तुकड्याच्या आतच हवी. बाहेर राहिली तर उजवी कड ओढल्यावर फक्त सूर सलग वाजत सुटतो. ग्लू झालेल्या तुकड्याची उजवी कड २० मिनिटांपर्यंत ओढली की काम झालं.

सहाही लूप शून्यावर एकत्र सुरू करू नका. प्रत्येकाची सुरुवात ० ते १५ सेकंदांत कुठेही सरकवा. नाहीतर पहिलाच क्षण सहा सुरांचा धडाका आणि मग सतरा सेकंद एकही नवा सूर नाही.

काळी_दोन

गिचमीड होण्याचं अर्धं कारण सुरांची निवड आहे.

मंद्र सा १३१ हर्ट्झ, मंद्र ग १६५ हर्ट्झ. मधलं अंतर फक्त ३४ हर्ट्झ. एवढ्या खाली कान हे दोन सूर नीट वेगळे करू शकत नाही, त्यांची घरघर होते. हेच सा-ग एक सप्तक वर नेले तर गोड लागतात. म्हणून २०० हर्ट्झच्या खाली सा आणि प सोडून काही ठेवू नये, मंद्रात ग तर नकोच. दुसरं, मंद्र ग आणि मध्य म यांत एक सप्तक आणि वर अर्धा स्वर असं अंतर पडतं. क्षणभर चालेल, पण दोन्ही १२ सेकंद लांबवले की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. म आणि नी यांचंही फारसं पटत नाही. एकूण म हाच भांडखोर आहे, त्याला काढा.

मी सुचवतो: मंद्र सा, मंद्र प, मध्य ग, मध्य नी, तार रे, तार प. यातले कुठलेही दोन, तीन किंवा सहाही एकत्र आले तरी बिघडत नाही, आणि या पद्धतीत हेच आधी तपासून घ्यावं लागतं, कारण कोण कधी कोणाबरोबर येईल ते तुमच्या हातात नाही. स्वर बघितले तर हंसध्वनीचे झाले, पण इथे चलन नाही, न्यास नाही, त्यामुळे राग वगैरे म्हणायच्या भानगडीत पडू नये. मंद्र सा सगळ्यांत लांब लूपला द्या, ३६.७ला. पाया सतत वाजत राहिला की वरचं काहीच तरंगत नाही.

आता सुरावट लावण्याबद्दल. सिंथचा गंधार समस्वरित (सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेला) असतो, तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). छोट्या सुरात हे खपून जातं. लांब पॅडमध्ये मंद्र साचा पाचवा उपस्वर ६५४ हर्ट्झवर आणि तुमच्या ग चा दुसरा ६५९ वर, म्हणजे सेकंदाला पाच ठोके (जवळजवळच्या दोन सुरांमुळे आवाजाचं लयीत कमी-जास्त होणं) सतत ऐकू येत राहतात. प्रत्येक ट्रॅकच्या सिंथला फाइन ट्यून असतोच: ग १४ सेंट उतरवा, नी १२ सेंट उतरवा, रे ४ सेंट चढवा, प २ सेंट चढवा. सा जागेवर. हे केल्यावर तेच सहा सूर एकदम मोकळे होतात, इक्वलायझरला हात न लावता.

हे काही फक्त आपल्याकडचं खूळ नाही. अमेरिकी संगीतकार टेरी रायली १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला, आणि १९८०चा त्याचा 'श्री कॅमल' मुद्दाम शुद्ध स्वरांतराने लावलेल्या यामाहा ऑर्गनवर आहे. तो ऐका आणि लगेच त्याचाच १९६९चा 'अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर' ऐका. लांबलेल्या सुरात कुठे खरखर आहे आणि कुठे नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

सावकाश

वरच्या दोघांशी सहमत, पण थोडं बिनसतंय.

२७ दिवस हा आकडा सांगायला भारी आहे. वीस मिनिटांच्या तुकड्यात मात्र २७ दिवस आणि दोन तास यांत फरक शून्य. ऐकणाऱ्याला जाणवतं ते एकाच वेळी सरासरी किती सूर वाजतायत ते, आणि तो हिशोब सोपा आहे: प्रत्येक लूपसाठी सुराची लांबी भागिले लूपची लांबी, आणि सगळ्यांची बेरीज. तुमचं गणित १२/१६, १२/२०, १२/२४... करत जवळपास २.९ येतं. रिव्हर्बची पाचेक सेकंदांची ऐकू येणारी शेपटी धरली तर ४ च्या वर. सहापैकी चार सूर कायम चालू! मग लांबी मूळ संख्येची असो की आणखी कशाची, एक जाड भिंतच ऐकू येणार.

'२/१' नीट ऐका. गायलेला एकेक सूर येतो, विरतो, आणि मग कितीतरी वेळ त्या लूपमध्ये काहीच नसतं. मध्येमध्ये सगळंच थांबल्यासारखं होतं. ते थांबणं आधी आखलेलं नाही, लूप विरळ आहेत म्हणून आपोआप घडतं. तुम्ही सूर ५ सेकंदांचा करा: अटॅक एक सेकंद, मधला भाग दोन, रिलीज दोन. रीळ यांच्या लांब्यांवर बेरीज १.२ येते, तीन सेकंदांची शेपटी धरून २. हे बरोबर आहे. ०.८ च्या खाली गेलात तर लोकांना वाटेल प्लेअर बंद पडला, २.५ च्या वर गेलात तर पुन्हा चिखल.

काळी_दोन, शुद्ध गंधाराबद्दल मात्र माझं मत वेगळं. ठोके पडू नयेत हा नियम नाही, ती निवड आहे. टँजरीन ड्रीम या जर्मन गटाच्या 'फेड्रा'मध्ये (१९७४) मूग सिंथचे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) तापल्यावर सूर सरकलेले ऐकू येतात आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. फ्रेंच संगीतकार एलियान रादिगची तर अख्खी कारकीर्दच या ठोक्यांवर उभी आहे. एआरपी २५०० सिंथवर अगदी थोड्या फरकाने लावलेले ऑसिलेटर, आणि ठोक्यांचा वेग मिनिटामिनिटाने बदलत जातो, बस्स. लूपलहरी यांनी दोन्ही करून बघावं. एका रेंडरमध्ये (तयार करून काढलेल्या ध्वनिफाइलमध्ये) ग १४ सेंट उतरवलेला, दुसऱ्यात तसाच, आणि दोन्ही बारीक आवाजात ऐकावेत. मोठ्या आवाजात ठोके त्रास देतात, बारीक आवाजात तेच श्वासासारखे वाटू शकतात.

काळी_दोन

मान्य, पण रादिग ते ठोके ठरवून लावते. सिंथच्या कारखान्यातून आलेले पाच ठोके हा कोणाचाच निर्णय नसतो.

अर्धा_डेसिबल

'टक्'चं कारण बहुतेक रिव्हर्बची शेपटी. लूप रिव्हर्बसकट ग्लू केला असेल तर शेपटी लूपच्या शेवटी कापली जाते आणि पुढच्या फेरीत शून्यापासून सुरू होते, तिथेच टक्. विरळ लूप असले तरी ८ सेकंदांच्या डिकेमुळे हे होऊ शकतं. उपाय सरळ: लूप कोरडे ठेवा आणि रिव्हर्ब वेगळ्या बसवर, म्हणजे अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र येतो त्या वाहिनीवर. सहाही ट्रॅकवरून तिकडे सेंड द्या, म्हणजे आवाज पाठवा. रिव्हर्बसकटच लूप हवा असेल तर तो दोनदा सलग वाजवून दुसरी फेरी एक्स्पोर्ट करा, कारण दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची शेपटी आलेली असते आणि जोड आपोआप जुळतो.

कोरड्या लूपमध्येही टक् येत असेल तर सूर शून्यावर उतरण्याआधीच तुकडा संपतोय. शेवटी ५० मिलिसेकंदांचा फेड द्या. जिथे शांतता नाहीच, सतत चालणारा ड्रोन आहे, तिथे ५० मिलिसेकंद पुरत नाहीत. शेवटचे दीड-दोन सेकंद सुरुवातीवर चढवून क्रॉसफेड करावा लागतो, तोही 'इक्वल पॉवर' वक्राने. सरळ रेषेचा क्रॉसफेड दिलात तर मध्यावर आवाज तीनेक डेसिबल बसतो आणि दर फेरीला खड्डा ऐकू येतो. मात्र दोन्ही टोकांना लाट अगदी एकसारखी असेल तर उलट होतं, इक्वल पॉवरने फुगवटा येतो. अशा वेळी सरळ रेषाच ठीक.

रिव्हर्बच्या बसवर, रिव्हर्बच्या आधी, २०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. मंद्र साला आठ सेकंदांची शेपटी नकोच आहे. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) ४०-६० मिलिसेकंद, म्हणजे सुराची सुरुवात शेपटीत बुडत नाही. डिके ८ वरून ५-६ वर आणा. गिचमिडीचा बराचसा भाग इथेच जाईल.

आता झीज. बिटक्रशर इथे मुळातच चुकीचं हत्यार आहे, कारण तो सगळ्या फेऱ्या एकसारख्या खराब करतो. बसिन्स्कीची टेप तशी झिजली नाही. १९८०च्या दशकातले जुने लूप २००१ मध्ये डिजिटलवर उतरवताना टेपवरचा आयर्न ऑक्साइडचा थर वाजता वाजता सुटत गेला. झीज साठत जाते: ज्या जागी थर एकदा सुटला तिथे तो पुढच्या फेरीत परत येत नाही, आणि त्याच जागेच्या कडा आणखी उडतात. म्हणून तुम्हाला तेच तेच खड्डे त्याच जागी, दर फेरीला थोडे खोल, असं करायचं आहे.

वरचे स्वर आधी का जातात तेही बघा, मग फिल्टर कसा फिरवायचा ते आपोआप कळतं. सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगाने १० किलोहर्ट्झची टेपवरची तरंगलांबी फक्त १९ मायक्रॉन. १०० हर्ट्झची जवळजवळ दोन मिलिमीटर. टेप आणि हेड यांच्यात दहा मायक्रॉनचा कण आला तर १० किलोहर्ट्झ २९ डेसिबलने पडतो आणि १०० हर्ट्झला पाव-अर्धा डेसिबल धक्का बसतो. म्हणजे खड्डा हा निव्वळ आवाजाचा खड्डा नसतो. तिथे क्षणभर सगळं कांबळ्याखाली गेल्यासारखं होतं.

करायचं असं. सहा सेकंदांचा लूप घ्या, ६० फेऱ्या, सहा मिनिटं. लूपमध्ये तीन जागा ठरवा, समजा १.१, ३.४ आणि ४.७ सेकंदांवर. प्रत्येक जागी २० ते ८० मिलिसेकंद रुंदीचा खड्डा, पहिल्या फेऱ्यांत अर्धा डेसिबल खोल, आणि दर फेरीला आणखी अर्धा. त्याच जागी लो-पासही (वरचे स्वर कापणारा फिल्टर) तेवढ्यापुरता खाली आणा. तिसाव्या फेरीनंतर चौथी, पाचवी जागा उघडा आणि जुन्यांची रुंदी वाढवा. शिवाय सगळ्यावर एक लो-पास ९ किलोहर्ट्झपासून १.२ किलोहर्ट्झपर्यंत, पण सरळ रेषेत नाही. दर फेरीला आधीच्या ९६.७ टक्के ठेवत गेलात तर ६० फेऱ्यांत बरोबर तिथे पोचता. सरळ रेषेत उतरवलात तर पहिली चार मिनिटं काहीच घडत नाही आणि शेवटच्या मिनिटात दरवाजा आपटतो.

हे सगळं ऑटोमेशनने (वेळेनुसार बदलणाऱ्या रेषा आखून) काढायचा कंटाळा येत असेल तर एक लूप घेऊन त्यावर प्रक्रिया करा, रेंडर करा, आणि त्या रेंडरवरच पुन्हा तीच प्रक्रिया करा. झीज आपोआप साठते. दर वेळी फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा, १६ बिटमध्ये नको, नाहीतर टेपच्या झिजेबरोबर राउंडिंगचा कचराही साठत जातो आणि तो मुळीच टेपसारखा नसतो.

लूपलहरी

सगळ्यांचे आभार. लांब्या बदलल्या, सूर पाच सेकंदांचे केले, मंद्र ग आणि म काढले. गिचमीड गेली. १४ सेंटवाला फरक दोन्ही तऱ्हांनी रेंडर करून ऐकतो.

आणखी एक. तुकड्याच्या मध्यावर ईनोच्या 'डिस्क्रीट म्युझिक'सारखं, म्हणजे दोन टेप मशीनचं लांब डिले (उशिरा येणारा प्रतिध्वनी) हवं आहे. साध्या डिले प्लगइनमध्ये ६ सेकंद आणि फीडबॅक (डिलेमधून पुन्हा आत जाणारा आवाज) ९० टक्के ठेवला तर थोड्याच वेळात खालचा भाग फुगून बसतो. कुठे चुकतंय?

रीळ

फीडबॅक ९० टक्के म्हणजे प्रत्येक फेरीला एक डेसिबलपेक्षाही कमी घट. ६० डेसिबल उतरायला ६५ फेऱ्या, सहा सेकंदांच्या हिशोबाने साडेसहा मिनिटं. म्हणजे साडेसहा मिनिटांत वाजवलेलं सगळं एकावर एक. ७५ टक्के ठेवा, दर फेरीला अडीच डेसिबल जातात आणि २४ फेऱ्यांत, अडीच मिनिटांच्या आत सगळं निवतं.

पण मुख्य फरक दुसराच. टेपवर प्रत्येक फेरीत आवाज पुन्हा रेकॉर्ड होतो, त्यामुळे वरचं आणि अगदी खालचं दर फेरीला थोडं गळतं. साध्या डिलेमध्ये काहीच गळत नाही. हाय-पास १५० हर्ट्झवर आणि लो-पास ४-५ किलोहर्ट्झवर, दोन्ही फीडबॅकच्या वाटेत टाका, डिलेच्या बाहेर नाही. बाहेर लावलेत तर पहिली फेरी आणि दहावी फेरी सारखीच मंद ऐकू येते. आत लावलेत तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या मागे सरकते आणि खोली तयार होते. प्लगइनमध्ये आत फिल्टर लावायची सोय नसेल तर डिलेचा फीडबॅक शून्य करा आणि ट्रॅकवरून बस, बसवरून परत ट्रॅक असं राउटिंग करा. रीपरमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फीडबॅक राउटिंगला परवानगी द्यावी लागते. आधी सेंड पूर्ण खाली घेऊन मग हळूहळू वर न्या, हेडफोन कानावर असताना तर नक्कीच.

अवांतर: ही दोन मशीनची पद्धत ईनोने रॉबर्ट फ्रिपच्या गिटारबरोबर १९७३च्या 'नो पुसीफुटिंग'मध्ये वापरली. पहिलं रेव्हॉक्स टेप मशीन रेकॉर्ड करतं, तीच टेप पुढे दुसऱ्या मशीनवर वाजते आणि तिथून आवाज परत पहिल्याकडे. डिले म्हणजे दोन मशीनमधलं अंतर: १९ सेंटीमीटर वेगाने दीड मीटर अंतर ठेवलं तर जवळपास आठ सेकंद. १९७५च्या 'डिस्क्रीट म्युझिक'मध्ये त्याच्या तोंडाशी ईएमएस सिंथी हा सिंथ होता, त्याच्या सीक्वेन्सरमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या दोन साध्या ओळी, मध्ये ग्राफिक इक्वलायझर. बाकी अर्ध्या तासात माणसाचा हात तो अधूनमधून सिंथचा टोन बदलण्यापुरता.

सावकाश

अल्बम विचारले होते. भाराभर नावं देत नाही. एकेक गोष्ट कानाला कळावी म्हणून थोडेच.

विरळपणासाठी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', पण '२/१' नंतर '१/१' ऐका. तिथे रॉबर्ट वायटचा पियानो आहे आणि लूपमध्ये एक सूर नाही, छोटी सुरावट आहे. प्रक्रिया सगळं करते असं म्हणणाऱ्यांना हा तुकडा उत्तर आहे: काय लूप करायचं हे कुणीतरी कानाने निवडलंच होतं.

लूप एकमेकांवरून कसे सरकतात ते कळण्यासाठी अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशचं 'इट्स गॉना रेन' (१९६५), मग 'पियानो फेज' (१९६७). पहिल्यात दोन मशीन आपसूक सरकतात. दुसऱ्यात एक वादक स्थिर, दुसरा हळूच वेग वाढवून एक सूर पुढे जातो आणि तिथे थांबतो. थांबणं महत्त्वाचं, नवा आकृतिबंध तेव्हाच ऐकू येतो. घरी करायचं असेल तर १२ सूरांची ओळ एका ट्रॅकवर १२० टेम्पोने आणि दुसऱ्यावर १२०.५ ने, सोळाव्या भागाच्या सुरांत. ३० सेकंदांत एक सूर सरकतो, सहा मिनिटांत पूर्ण फेरी. ऑडिओ ताणू नका, टाइम-स्ट्रेचने सुरांच्या सुरुवाती विस्कटतात. मिडीमध्येच करा. आणि एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, नाहीतर पहिल्या काही सेकंदांत दोन्ही एकमेकांना खाऊन पिंपात वाजवल्यासारखा आवाज येतो.

लांब पल्ल्यासाठी राइशचंच 'म्युझिक फॉर १८ म्युझिशियन्स', ईसीएम या कंपनीचं १९७८चं रेकॉर्डिंग. सुरुवातीला अकरा स्वरसंघ एकामागून एक येऊन जातात आणि मग प्रत्येकावर एकेक विभाग उभा राहतो. क्लॅरिनेट आणि आवाजांचे स्पंदन एका श्वासात मावेल तेवढंच. तुमच्या पॅडचा फुगवटा एलएफओने (ठरावीक वेगाने वरखाली करणाऱ्या यंत्रणेने) फिरवण्याऐवजी श्वासाच्या लांबीचा ठेवून बघा, ६ ते ९ सेकंद, दर वेळी थोडा वेगळा.

सैल नियमांसाठी रायलीचं 'इन सी' (१९६४): ५३ छोटे तुकडे, प्रत्येकाने हवे तितक्या वेळा वाजवून पुढे सरकायचं, पण इतरांपासून फार लांब जायचं नाही. दोन वेगळी ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा, एकच रचना आहे हे पटायला वेळ लागेल. आणि ठेका ठेवूनही तासभर एकाच जागी कसं राहता येतं ते मानुएल गोटशिंगच्या 'ई२-ई४'मध्ये. बाकी तुम्हीच शोधाल.

ऐकताना प्लेअरमधला क्रॉसफेड बंद, गॅपलेस चालू, आणि आवाज समान करणारी सोय असेल तर ती अल्बमवर ठेवा, गाण्यावर नाही. गाण्यावर ठेवली की मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा वर ओढला जातो. 'डिस्क्रीट म्युझिक'च्या टिपणात ईनोने तो इतक्या हळू ऐकायला सुचवलाय की मधूनमधून ऐकूच येऊ नये.

अर्धा_डेसिबल

एक्स्पोर्ट करताना: मास्टरवर लिमिटरने ढकलू नका. -२० ते -१८ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) पुरे, शिखर -१ डेसिबलच्या खाली. शेवटचा फेड ६० ते ९० सेकंदांचा असेल तर १६ बिटमध्ये उतरवताना डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) हवाच, नाहीतर शेपटीच्या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. आणि तुकडा कुणी अखंड फिरवत ठेवावा असं वाटत असेल तर एमपी३ देऊ नका. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो आणि दर फेरीला जोडावर उचकी लागते. फ्लॅक किंवा वेव्ह द्या.

रीळ

ईनोच्या 'ऑन लँड'च्या (१९८२) वेष्टनावर तिसऱ्या स्पीकरची आकृती आहे, ती या कामाला चांगली. नेहमीचे दोन स्पीकर समोर, तिसरा लहानसा मागे, आणि त्याच्या दोन्ही तारा अँप्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या लाल टर्मिनलला. काळ्याला काहीच नाही. तिसऱ्यातून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो, म्हणजे मध्यावर ठेवलेले सूर तिथे गायब आणि रिव्हर्ब, पसरलेले सूर तेवढे मागून येतात. तुमच्या सहा ट्रॅकना वेगवेगळं पॅन दिलं असेल तर परिणाम लगेच कळतो. मंद्र सा मध्यावर, बाकीचे ३० ते ७० टक्के इकडेतिकडे.

दोन अटी. तिसरा स्पीकर ८ ओहमचा घ्या, फार कमी ओहमचा लावलात तर अँप्लिफायरवर ताण पडतो. आणि अँप्लिफायर ब्रिज्ड प्रकारचा असेल तर ही जोडणी करूच नका. आजचे बरेच छोटे डिजिटल अँप्लिफायर तसेच असतात आणि त्यांची काळी टर्मिनल ग्राउंड नसतात. मॅन्युअलमध्ये 'बीटीएल' (म्हणजे ब्रिज्ड) लिहिलेलं दिसलं की हा बेत सोडा आणि रीपरमध्येच डाव्यातून उजवा वजा करून तो फरक तिसऱ्या आउटपुटला पाठवा, वेगळ्या अँप्लिफायरवर.